चिंतेच्या दिवसांत पुष्पौषधी: कोणतं फूल, किती थेंब आणि काय करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीचं काय होणार हे अधांतरी असल्यापासून छातीत धडधड असते. रात्री दोन-तीनला जाग येते आणि मग तेच ते विचार पहाटेपर्यंत फिरत राहतात. त्यात मुलाची परीक्षा तोंडावर आली आहे. रेस्क्यू रेमेडी, म्हणजे पाच बाख पुष्पौषधींचं (फुलांपासून केलेल्या थेंबांचं) तयार मिश्रण, दिवसातून आठ-दहा वेळा घेता, घेतल्यावर थोडा वेळ बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: दुसरं कोणतं पुष्पौषध घ्यावं, थेंब किती, झोपेची गोळी बंद करता येईल का, आणि मुलाला न सांगता त्याच्या पाण्यात थेंब घातले तर चालेल का.

शेवटच्या दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे, कारणं पुढे देते. थेंबांचा हिशेब सोपा आहे. खरा वेळ घेणारा प्रश्न पहिला आहे, कारण 'चिंता' एवढ्या एका शब्दावर पुष्पौषधी निवडता येत नाही. रेस्क्यू रेमेडी तुम्हाला पुरत नाही याचं कारणही तेच. अचानक ओढवलेल्या प्रसंगासाठी केलेलं मिश्रण तुम्ही महिनोन्‌महिने चालणाऱ्या अवस्थेवर वापरत आहात.

निवडीकडे वळण्याआधी पुराव्याबद्दल बोलते, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. डॉ. एडवर्ड बाख हे इंग्लंडमधले डॉक्टर आणि जंतुशास्त्रज्ञ. १९२८ ते १९३५ या काळात त्यांनी ३८ पुष्पौषधींची ही पद्धत बसवली आणि १९३६ साली ते वारले. बनवण्याची रीत अशी: फुलं पाण्यात घालून तीन तास उन्हात ठेवायची किंवा अर्धा तास उकळायची, ते पाणी गाळून त्यात तितकीच ब्रँडी घालायची आणि त्यातले दोन थेंब ३० मिली ब्रँडीत टाकायचे. ही झाली विकत मिळणारी बाटली. घरी आपण तिच्यातले दोन थेंब पुन्हा ३० मिली पाण्यात टाकतो. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर मूळ फुलाच्या पाण्याचा वाटा लाखात एक भागाहूनही कमी उरतो. परीक्षेची भीती वाटणाऱ्यांवर केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खरे थेंब घेणाऱ्यांची भीती कमी झाली, आणि नुसतं तसंच दिसणारं द्रव घेणाऱ्यांचीही तितकीच कमी झाली. नंतरच्या आढाव्यांचा निष्कर्षही हाच आहे की नुसत्या तशाच दिसणाऱ्या द्रवापेक्षा जास्त परिणाम दिसत नाही.

मग मी हे वापरते कशासाठी? निवड करताना माणसाला स्वतःच्या भीतीकडे नीट पाहावं लागतं, ती वेगळी काढून ओळखावी लागते, हे एक. आणि दिवसातून चार वेळा ठरवून थांबावं लागतं, हे दुसरं. घाबरलेल्या मनाला या दोन्ही गोष्टी एरवी जमत नाहीत. माझ्या मते फायद्याचा मोठा वाटा इथून येतो, म्हणून मी निवडीवर वेळ घालवते आणि बाटलीवर कमी. तुमचा बाटलीवर जास्त विश्वास असेल तरी हरकत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच राहतात.

रेस्क्यू रेमेडीत पाच औषधी आहेत. रॉक रोझ काळजाचा थरकाप उडतो तेव्हाची. चेरी प्लम आता आपला ताबा सुटेल असं वाटतं तेव्हाची. स्टार ऑफ बेथलेहेम धक्क्यासाठी, इम्पेशन्स जिवाच्या तडफडीसाठी आणि क्लेमॅटिस भोवळल्यासारखं, इथे नसल्यासारखं होतं त्यासाठी. ही यादी पाहिली तर लगेच कळेल की हे अपघाताची बातमी, मुलाखतीच्या दारात उभं राहणं, विमान हलायला लागणं अशा क्षणांसाठी आहे. 'नोकरी जाईल का' हा रोजचा घोर या पाचांपैकी एकातही बसत नाही.

आठ-दहा वेळा घेण्यात अजून एक गोम आहे. पद्धतीच्या नियमानुसार जास्त वेळा घेतल्याने अपाय नाही. पण धडधड सुरू झाली की बाटलीकडे हात जायला लागला, तर मन शिकतं की ही धडधड धोक्याची होती आणि थेंबांमुळे आपण वाचलो. धडधड तशीही थोड्या वेळात उतरलीच असती. पण श्रेय थेंबांना जातं आणि बाटलीशिवाय घराबाहेर पडवेनासं होतं. बाटली घरी विसरल्यावर त्यामुळेच घाबरं व्हायला लागलं, तर ती औषध उरलेली नाही, चिंतेचाच एक भाग झाली आहे. म्हणून रेस्क्यू रेमेडी आता मागे ठेवा. खरोखर अचानक काही घडलं तरच चार थेंब पेलाभर पाण्यात घालून घोट घोट प्या.

आता निवड. बाखांनी ३८ औषधी सात गटांत लावल्या आहेत. पहिला गट भीतीचा, त्यात पाच. चिंता म्हटलं की लोक या पाचांवरच येऊन थांबतात आणि घाईघाईत पाचही एका बाटलीत घालतात. तसं केलं की निवडलंच नाही असं होतं.

भीतीचं कारण बोट ठेवून सांगता येतं का, हे पहिल्यांदा विचारा. 'कपातीच्या यादीत नाव येईल', 'हप्ता थकेल', 'सगळ्यांसमोर बोलायला उभं राहिलो की पोटात गोळा येतो' अशी नाव असलेली भीती असेल तर मिम्युलस. कारण काहीच सांगता येत नाही, सगळं ठीक असताना संध्याकाळी उगाचच हुरहूर लागते, काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं, तर अ‍ॅस्पेन. दोन्ही एकाच माणसाला लागू शकतात, पण बहुतेकांना एकच लागते. 'मला तर कशाचीच भीती नाही, नुसतं कसंतरी होतं' असं म्हणणाऱ्याला आणखी दोन-तीन प्रश्न विचारले की बऱ्याचदा एक ठोस भीती बाहेर येते. ती बोलायची लाज वाटत असते, इतकंच. अशा वेळी अ‍ॅस्पेन बाजूला ठेवून मिम्युलस घ्यावं लागतं.

भीती स्वतःसाठी आहे की दुसऱ्यासाठी, हा दुसरा प्रश्न. मुलगा दहा मिनिटं उशिरा आला की अपघातच डोळ्यांसमोर येतो, मन चिंती ते वैरी न चिंती अशी गत होते, तेव्हा रेड चेस्टनट.

चेरी प्लम आणि रॉक रोझ यांत गल्लत होते. रॉक रोझमध्ये बाहेरच्या एखाद्या गोष्टीने माणूस गारठतो, हातपाय हलत नाहीत. चेरी प्लममध्ये माणूस स्वतःलाच घाबरतो: मी ओरडेन, काहीतरी भलतंच करून बसेन, वेड लागेल. ही दुसरी भीती जोराची असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर फुलांच्या यादीत शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

भीतीच्या गटाबाहेरच्या औषधी मात्र सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतात. डोक्यात भुंगा लागल्यासारखे तेच विचार, तीच संभाषणं फिरत राहतात, त्यासाठी व्हाइट चेस्टनट. तुमच्या रात्रीच्या जागरणाचं वर्णन तंतोतंत याचं आहे. पण हे एकटं देऊन भागत नाही. भुंगा कशाभोवती फिरतो ते शोधून त्याचं औषध सोबत द्यावं लागतं. घरात सगळ्यांशी हसूनखेळून राहता, कुणाला पत्ता नाही आणि एकटं पडलं की ढवळून निघतं, असं असेल तर अ‍ॅग्रिमनी. ही अवस्था स्वतःची स्वतःला ओळखता येत नाही, ती जवळच्या माणसाला विचारावी लागते. एरवी समर्थ असलेल्या माणसाला कामाचा डोंगर पाहून 'हे मला झेपणार नाही' वाटायला लागलं तर एल्म. 'मला पूर्वीही जमत नव्हतं आणि आताही जमणार नाही' असं असेल तर लार्च. वरवर सारखी वाटणारी ही दोन वाक्यं निवडीत फार फरक करतात. दोन पर्यायांत हेलकावे खात मनातल्या मनात झुरणारा स्क्लेरॅन्थस. निर्णय झालेला असूनही दहा जणांना विचारत फिरणारा सेराटो. झोप नसल्याने अंगातलं त्राणच गेलं असेल तर ऑलिव्ह.

तुमच्या लिहिण्यावरून मला तीन ठळक दिसतात: नोकरीच्या भीतीसाठी मिम्युलस, रात्रीसाठी व्हाइट चेस्टनट, मुलासाठी रेड चेस्टनट. चौथं अ‍ॅग्रिमनी, एल्म की लार्च, हे मी इथून ठरवू शकत नाही. घरच्यांना हे सगळं माहीत आहे का, यावर ते अवलंबून आहे. नोकरी गेली तर 'दुसरी मिळेल, पण आत्ताचा भार झेपत नाही' वाटतं की 'मला कोण घेणार' वाटतं, यावरही. रात्री जाग आल्यावर जो विचार चालू असेल तो उशाशी ठेवलेल्या कागदावर एका ओळीत लिहा. मोबाइलवर नको, त्याच्या उजेडाने उरलीसुरली झोपही जाते. आठवड्याने त्या ओळी वाचा, चौथं नाव बहुधा आपोआप ठरेल. ठरलं नाही तर तीनच घ्या. एका बाटलीत सहा-सात औषधींपर्यंत चालतं असा प्रघात आहे, पण चिंतेत मी चारच्या वर जात नाही. सात घातल्यावर तीन आठवड्यांनी कशाने काय बदललं ते कुणालाच सांगता येत नाही.

निवड आजच्या मनःस्थितीवर करायची, स्वभावावर नाही. 'मी मूळचा भित्राच आहे' म्हणून वर्षानुवर्षं मिम्युलस घेत राहणं ही नेहमी दिसणारी चूक. दुसरी, दुखण्याच्या नावावर औषध शोधणं. 'निद्रानाशावर अमुक, रक्तदाबावर तमुक' अशा याद्या फिरत असतात, त्यांचा या पद्धतीशी संबंध नाही.

बाटल्यांची नावं नीट वाचा. चेस्टनट चार आहेत: व्हाइट, रेड, स्वीट आणि चेस्टनट बड. व्हाइट चेस्टनट आणि चेस्टनट बड तर एकाच झाडाचे. पहिलं त्याच्या फुलांचं आणि दुसरं कळ्यांचं, उपयोग मात्र पूर्ण वेगळे. चेस्टनट बड त्याच त्या चुका पुन्हा करणाऱ्यासाठी आहे आणि रात्रीच्या विचारांसाठी चुकून तेच आणलं जातं. रॉक रोझ, रॉक वॉटर आणि वाइल्ड रोझ यांचीही अशीच सरमिसळ होते. याहून मोठा घोळ म्हणजे सुगंधी तेलं. ती फुलांचीच असली तरी तीव्र असतात आणि पोटात घ्यायची नसतात. बाटलीवर 'एसेन्शियल ऑइल' असेल तर ती पुष्पौषधी नव्हे.

मिश्रण असं करायचं. ३० मिलीची गडद काचेची ड्रॉपरची बाटली घ्या. बाटली आणि काचेची नळी उकळत्या पाण्याने धुवून पूर्ण वाळू द्या, रबराचा फुगा उकळू नका. एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली ब्रँडी घाला. ती फक्त पाणी टिकावं म्हणून. ब्रँडी नको असेल तर तितकंच खाण्याचं वनस्पतिजन्य ग्लिसरीन. निवडलेल्या प्रत्येक औषधीचे दोन-दोन थेंब टाका. वरून फसफस नसलेलं पिण्याचं पाणी भरा, थोडी जागा सोडा आणि हलकेच हलवा. बाटलीवर नावं आणि तारीख लिहा. हे कंटाळवाणं वाटतं, पण तीन आठवड्यांनी आत काय घातलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

मात्रा: चार थेंब, दिवसातून चार वेळा. उठल्यावर एकदा, झोपताना एकदा आणि मधे दोनदा, शक्यतो खाण्यापिण्यापासून थोड्या अंतराने. एका वेळी दहा थेंब घेऊन काही जास्त होत नाही. ड्रॉपर जिभेला लावू नका. पाणी गढूळ होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच असतं. बाटली फ्रीजमध्ये ठेवा. गढूळ दिसलं, तंतू दिसले किंवा वास बदलला की ओतून द्या, आणि तीन आठवड्यांनंतर उरलेलंही ओतून द्या. हिशेबाने १६ थेंब रोज घेऊन ३० मिली तेवढ्यात संपत नाही, त्यामुळे लोक महिना-सव्वा महिना तीच बाटली वापरत बसतात.

थेंब घेण्याचा क्षण मात्र घाईत उरकू नका. बसा. आत्ता मनात काय आहे ते एका वाक्यात म्हणा, 'मला शुक्रवारच्या बैठकीची भीती वाटते आहे' इतकं नेमकं. थेंब तोंडात क्षणभर धरून गिळा. मग चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, असे दहा श्वास. सेकंदाला एक आकडा धरला तर पावणेदोन मिनिटांच्या आत होतं. बाहेर सोडलेला श्वास लांब असला की हृदयाचे ठोके मंदावतात. यासाठी फुलांचीही गरज नाही, बाटली फक्त आठवण करून देते. रात्री जाग आली तर हेच करा, दिवा न लावता. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडा, मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा आणि डोळे जड झाल्यावरच परत या.

झोपेच्या गोळीबद्दल. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीची असेल तर एकदम बंद केल्यावर चिंता आणि निद्रानाश पूर्वीपेक्षा जोरात उसळतात. बरेच दिवस चालू असेल तर झटके येण्याचाही धोका असतो. नैराश्यावरच्या गोळ्या अचानक थांबवल्या की गरगरणं, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं आणि माणसाला वाटतं आपला आजारच उलटला. गोळी कमी करायची ती ज्यांनी दिली त्यांनीच, टप्प्याटप्प्याने. पुष्पौषधी त्या काळात सोबत घेता येतील, पण गोळीच्या जागी नाही.

ब्रँडीमुळे काही जणांनी थेंब अजिबात घेऊ नयेत. दारू सोडलेल्यांनी नाही. डायसल्फिराम (दारू सुटावी म्हणून दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांनी तर त्वचेवरही लावू नयेत, कारण अल्कोहोलचा अंश लागूनही त्यांना त्रास होऊ शकतो. मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असताना आणि ते संपल्यावर पुढचे काही दिवसही नको. यकृताचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरम पाण्यात थेंब टाकले की अल्कोहोल उडून जातं हे अर्धसत्य आहे, सगळं उडत नाही. ग्लिसरीनवर केलेल्या तयार बाटल्या मिळतात, त्या घ्याव्यात. घरच्या मिश्रणात नुसतं ग्लिसरीन घातलं तरी मूळ बाटलीतली ब्रँडी थेंबाथेंबाने येतेच, हे लक्षात ठेवा.

धडधड मनाचीच आहे हे कुणी तपासलं आहे का? थायरॉइड वाढलेलं असेल, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होत असेल, रक्त कमी असेल किंवा दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप वारंवार घेत असाल, तर अगदी असंच होतं. एक रक्ततपासणी आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणं, एवढं आधी उरका. कॅफीनही मोजा. ते शरीरातून निम्मं जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो. आणि छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, दम लागला, तर थेंब शोधू नका, थेट रुग्णालय.

तीन आठवडे झाल्यावर 'बरं वाटतंय का' असं मोघम विचारू नका. चिंतेला भरती-ओहोटी असतेच. माणूस सगळ्यात वाईट दिवशी औषध सुरू करतो, त्यामुळे पुढचे दिवस तसेही बरे जातात आणि थेंबांना गुण मिळतात. पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी टिपा: रात्री किती तास झोप झाली, सकाळ-संध्याकाळ अस्वस्थता दहापैकी किती, आणि भीतीमुळे टाळत असलेली कोणती गोष्ट त्या दिवशी केली. शेवटची नोंद माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची. आकडा सातवरून पाचवर आला, पण साहेबांशी बोलणं अजून टाळताच आहात, तर चिंता शाबूत आहे. आकडा सातवरच आहे पण बोलून आलात, तर गाडी पुढे सरकली.

नोंदी पाहून जी अवस्था उरली नाही ते औषध पुढच्या बाटलीतून काढा, नवी पुढे आली असेल तर ते घाला. एका थराखालून दुसरा निघणं नेहमीचं आहे. रात्रीचा भुंगा थांबल्यावर खाली साठलेला थकवा दिसतो. दुसऱ्या बाटलीअखेरही तिन्ही नोंदी जिथल्या तिथे असतील तर तिसरी बनवू नका. समुपदेशकाकडे जा आणि विचार-वर्तन उपचारपद्धतीबद्दल विचारा. चिंतेवर तिचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे. कामावर जाणंच थांबलं असेल, वजन उतरत असेल, घाबरण्याचे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर तीन आठवडेही वाट पाहू नका.

राहिला मुलगा. न सांगता नको: त्यात अल्कोहोल आहे, तो दुसरं काही औषध घेत असेल तर ते तुम्हाला माहीत नसेल, आणि कळल्यावर तुमच्या हातच्या पाण्यावरचा त्याचा विश्वास जाईल. शिवाय तो घाबरलेला आहे असं तुम्ही म्हणता, त्याने म्हटलेलं नाही. आधी त्याला विचारा. त्याला स्वतःहून घ्यावंसं वाटलं तर ग्लिसरीनवरची बाटली आणा आणि निवड त्याच्या उत्तरांवरून करा, तुमच्या काळजीवरून नाही. तुमच्या काळजीचं रेड चेस्टनट तुमच्या बाटलीत आहेच.